अप्पांची तपासणी

मला तंबू आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. माणसाने डोकं लावून भिंत शोधली, दार शोधलं, दाराला कडी शोधली, आणि आपण हक्काच्या सुट्टीत कापडाच्या पिशवीत जाऊन झोपायचं, हे काही मला पटत नाही. माझे सासरे मात्र गेली तीस वर्षं महिन्यातून एकदा हेच करत आलेत. शहरापासून दोन तासांवर डोंगर आहेत, वर दाट झाडी आहे आणि त्या झाडीत तंबू ठोकायला मोकळ्या जागा ठेवलेल्या आहेत. अप्पा शनिवारी सकाळी पाठीवर सामान अडकवून बसने जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. एकटेच.

सासूबाई एकदाच त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. खालच्या गेटवर राखणदाराची खोली आहे, तिथे खुर्चीत बसून त्यांनी रात्र काढली आणि सकाळच्या पहिल्या बसने घर गाठलं. त्यानंतर त्या जिवंत असेपर्यंत आमच्या घरात डोंगर हा शब्द जरा जपूनच वापरला जायचा. माझा नवरा बारा वर्षांचा असताना गेला होता, त्याच्या कानात किडा गेला. पुन्हा त्याने नाव काढलं नाही.

अप्पा लिफ्टचे मेकॅनिक. एक्केचाळीस वर्षं त्यांनी शहरातल्या लिफ्ट चालत्या ठेवल्या. गच्चीवरच्या यंत्रांच्या खोल्या, तेलाने काळे झालेले दोर, आणि तळाशी तो खड्डा, जिथे लोकांच्या हातून निसटलेलं सगळं जाऊन पडतं. कानातली, नाणी, खेळण्यातल्या गाड्या, एकदा तर दातांची कवळी. अप्पा ते सगळं पुसून एका डब्यात ठेवायचे आणि त्या इमारतीत मजल्यामजल्यावर विचारत फिरायचे. कवळीचा मालक सहाव्या मजल्यावर सापडला म्हणे, आणि त्याने ती आपली नाहीच म्हणून सांगितलं. अप्पांनी ती त्याच्या दाराशी ठेवली, बेल वाजवली आणि निघून आले.

डोंगराचं वेडही लिफ्टमुळेच लागलं. वरच्या एका हॉटेलची लिफ्ट बंद पडली होती, तिचा एक भाग शहरातून यायला तीन दिवस लागणार होते, आणि हॉटेल गच्च भरलेलं. मॅनेजरने कपाळाला हात लावला आणि अप्पांना मागच्या झाडीत एक तंबू ठोकून दिला. तीन दिवसांनी तो भाग आला, लिफ्ट सुरू झाली, आणि अप्पा घरी येताना मॅनेजरकडून तो जुना तंबू मागून घेऊन आले. मी एकदा त्यांना विचारलं होतं, की एवढं काय आहे तिथे. ते म्हणाले, "काही नाही. वर बघितलं की छत नसतं." बस, एवढंच. आमच्या अप्पांचं बोलणं असं मोजूनमापून.

तर दोन महिन्यांपूर्वी अप्पा रविवारी संध्याकाळी आलेच नाहीत. फोन लागेना. आमच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी दुपारी स्वारी दारात हजर, हातांवर ओरखडे, एका बुटाची नाडी गायब. "बस चुकली," म्हणाले आणि आंघोळीला गेले. चुकली तर पुढची होती, त्याच्या पुढचीही होती. पण त्यांनी पाण्याचा नळ सोडला आणि विषय संपवला.

पुढच्या रविवारी नणंद आली आणि स्वयंपाकघरात बैठक बसली. नणंद स्टुलावर, नवरा फ्रिजला टेकून, मी ओट्याशी. अप्पा टेबलाशी बसून सफरचंद सोलत होते, साल कुठेही तुटू न देता. चर्चा दुसऱ्याच कुणाबद्दल चालली असावी, असा त्यांचा चेहरा.

"अप्पा, पुरे झालं आता," नणंद म्हणाली. "चौऱ्याहत्तरीत कुणी एकटं जंगलात झोपतं का?"

"तंबू विकून टाकू," नवरा म्हणाला. "चांगला आहे तोवर कुणीतरी घेईल."

अप्पांनी सफरचंदाच्या फोडी केल्या, आम्हा तिघांपुढे ठेवल्या आणि सुरी पुसली. "तपासणी करा," ते म्हणाले.

"कसली?"

"माझी. लिफ्ट दुरुस्त करणारा स्वतःच्या लिफ्टला पास देत नाही. त्याचा साहेबही देत नाही, दोस्तही देत नाही. बाहेरचा माणूस येतो, बघतो, सही करतो. तसं करू. सूनबाईला पाठवा माझ्याबरोबर. ती म्हणाली चालेल, तर मी जाईन, पूर्वीसारखा, एकटा. ती नाही म्हणाली तर बंद. तुम्ही दोघं पोटची पोरं. तुम्ही एकतर लाडाने हो म्हणाल, नाहीतर घाबरून नाही म्हणाल. ती बाहेरची आहे."

बाहेरची. एकोणीस वर्षं झाली मला या घरात येऊन. यांच्या तीन पिढ्यांच्या दाढांची वेळापत्रकं माझ्या तोंडपाठ आहेत, कारण मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते आणि या घरातल्या एकालाही मी कधी रांगेत थांबू दिलेलं नाही. आणि मी बाहेरची. तोंडातली सफरचंदाची फोड गिळायला मला जरा वेळ लागला. नंतर खोलीत नवऱ्याला मी चांगलं फैलावर घेतलं. "त्यांना तसं म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला. मग कसं म्हणायचं होतं, असं विचारलं तर तो कूस बदलून झोपला.

पण एक होतं. अप्पांनी माणूस चुकीचा निवडला नव्हता. दवाखान्यात दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात. रोज दोनदा घासतो, गोड खातच नाही, दुखणं कालच सुरू झालं. ऐकून ऐकून माझं असं झालंय, की मला खोटं चालत नाही आणि बोलताही येत नाही. तोंडावर बोलते म्हणून नातेवाइकांत माझं नाव झालेलं आहे, आणि ते फार प्रेमाने घेतलं जातं असंही नाही.

निघायच्या शनिवारी नणंदेची अट होती, की बसने नाही, आमच्या गाडीने, आणि गाडी मी चालवायची. अप्पा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. शहर संपायला तासभर लागला, मग शेतं, मग चढ, मग झाडं. उंच, सरळ, एकमेकांना चिकटून उभी. गेटजवळ मी गाडी लावली तशी अप्पांनी माझ्यापुढे हात पसरला.

"किल्ली."

"का?"

"नियम आहे. आत जाणाऱ्याच्या खिशात किल्ली."

हा नियम मला माहीत होता, घरात सगळ्यांनाच माहीत आहे. लिफ्टच्या खड्ड्यात माणूस उतरायच्या आधी मुख्य बटण बंद करायचं, कुलूप लावायचं, आणि किल्ली जो उतरणार त्याच्याच खिशात ठेवायची. म्हणजे बाहेरून कुणी चुकूनही यंत्र सुरू करू शकत नाही. एकदा कुणीतरी हा नियम पाळला नाही, आणि अप्पांच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. तेव्हापासून अप्पा घरातली मिक्सरची वायरसुद्धा काढून खिशात घालतात आणि मगच भांडं धुतात. मी वाद घातला नाही. किल्ली दिली.

गेटपासून त्यांची जागा पंचवीस मिनिटं चढावर. अप्पा पुढे, मी मागे, माझ्या नाकी नऊ आलेले आणि ते मात्र चालीत बदल न करता. जागा मोठी छान होती, हे मला कबूल करावं लागेल. मध्ये सपाट जमीन, भोवती झाडं, खाली उतारावर ओढ्याचा आवाज. अप्पा आधी जमिनीवर आडवे झाले. मी घाबरले. "काही नाही," ते म्हणाले, "मुळं कुठे टोचतात ते बघतोय." या कुशीवर, मग त्या कुशीवर, मग उठून दोन हात डावीकडे सरकले आणि पुन्हा आडवे. मग तंबू उभा राहिला. अकरा मिनिटांत. मी घड्याळ लावलं होतं. प्रत्येक दोर त्यांनी तीन वेळा ओढून बघितला आणि शेवटी तंबूच्या दाराला कामावरची एक जुनी पत्र्याची पाटी अडकवली. 'माणूस आत आहे. चालू करू नये.'

मी दवाखान्यातल्या भेटीच्या चिठ्ठ्यांचं बंडल लिहायला म्हणून आणलं होतं. त्यावर लिहायला घेतलं. तोल, ठीक. हात, थरथर नाही. गाठी, उत्तम. चूल, पेटवणं, विझवणं, ठीक. गॅसची छोटी चूल होती. चहा झाल्यावर अप्पांनी तिची गॅस सोडायची फिरकी काढून खिशात टाकली, सवयीप्रमाणे. दुपारी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली, मग अप्पा झाडाला टेकून बसले आणि मी आडवी झाले. पक्षी बोलत होते. वारा नुसता वरच्या वर, शेंड्यांत. तासभर कुणी मला हाक मारली नाही, फोन वाजला नाही, कुणाची दाढ दुखली नाही. मला बरं वाटत होतं आणि त्याचा थोडा रागही येत होता. चारच्या सुमारास मी चिठ्ठीच्या तळाशी लिहून टाकलं, की एकटे जायला हरकत नाही. सही तेवढी ठेवली, संध्याकाळसाठी.

पावणेपाचला अप्पा पाण्याचा कॅन घेऊन ओढ्यावर गेले. ओढा शंभर पावलं. मी पडल्या पडल्या त्यांना झाडांमागे जाताना बघितलं.

सव्वापाच झाले तेव्हा मला चहा हवा होता. उठून चूल मांडली आणि मग लक्षात आलं, फिरकी त्यांच्या खिशात. झालं, माझं डोकं फिरलं. कसला माणूस हा, म्हटलं, चहाची चूलसुद्धा कुलूपबंद करून जातो. साडेपाच झाले. मी हाका मारल्या. "अप्पा, चहा." उत्तर नाही. मग मी उतारावरून खाली धावले. ओढ्याच्या काठावर कॅन होता. भरलेला, झाकण घट्ट लावलेला. अप्पा नव्हते.

फोनला रेंज नव्हती. रेंज म्हणे वाटेवरच्या एका कातळावर मिळते, पण ओढा सोडून त्या दिशेला निघायचं, आणि इकडे ते परत आले तर? खाली गेटवर जावं, तर राखणदार हल्ली पाचला घरी जातो, तो सकाळी सातलाच येणार. गाव सहा किलोमीटर, गाडी गेटवर, आणि गाडीची किल्ली कुठे, तर आत जाणाऱ्याच्या खिशात. मी तिथे ओढ्याच्या काठी उभी राहून त्या नियमाला अशा शिव्या घातल्या, की अप्पांनी ऐकल्या असत्या तर त्यांनी मला पुन्हा बाहेरची म्हटलं नसतं.

मग मी स्वतःला सांगितलं, बाई, तूही हरवलीस तर तपासणीचा कागद कोण लिहिणार. खिशात चिठ्ठ्यांचं बंडल होतं. पंधरा पावलं चालायची, एक चिठ्ठी फाडायची, फांदीच्या टोकाला खोचायची. पुन्हा पंधरा. अशी मी ओढ्याच्या कडेने वर गेले, मग आत वळले. झाडांना झाड, दुसरं काही नाही. सत्तावीस चिठ्ठ्या गेल्या तेव्हा अप्पा दिसले. एक मोठं झाड आडवं पडलेलं होतं, त्याच्या बुंध्याशी ते उभे होते, एक हात सालीवर ठेवून.

"अप्पा."

त्यांनी वळून बघितलं. चेहरा घाबरलेला नव्हता. एखाद्या यंत्राचा बिघाड सापडत नसला की ते जसे बघायचे, तसे बघत होते.

"हे झाड मला तिसऱ्यांदा भेटतंय," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि चिठ्ठ्यांच्या मागे मागे निघाले. खोटं कशाला बोलू, मी रडत होते. अप्पा एकेक चिठ्ठी काढून घेत चालले होते. प्रत्येकीवर छापलेलं, 'पुढील भेट', आणि पुढे मोकळी जागा. सातआठ गोळा झाल्यावर म्हणाले, "सगळ्या झाडांना वेळ दिलीस? दवाखान्यात बसायला जागा आहे का एवढी?" मला हसू आलं आणि आणखीच रडू आलं.

तंबू अजून पुढे होता, असं मला वाटत होतं. पण अर्ध्या चिठ्ठ्याही झाल्या नव्हत्या, तोच उजवीकडे झाडांतून तो हिरवा दिसला. त्या आडव्या झाडापासून फार तर दीडशे पावलं. मी ओढ्याच्या कडेने वळसा घालून गेले होते, आणि ते तंबूच्या जवळच, तिन्ही वेळा त्याच झाडाशी येऊन थांबले होते.

फिरकी मिळाली, चहा झाला. उजेड अजून होता. अप्पांनी कप दोन्ही हातांत धरला.

"त्या वेळी बस चुकली नव्हती," ते म्हणाले.

"कळलं."

"रविवारी सकाळी सामान बांधलं आणि निघालो. सोमवारी उजाडल्यावर रस्ता लागला. मधली रात्र झाडाखाली बसलो होतो. पाठीवर तंबू होता, पण मला वाटत होतं, आता येईल वाट, आता येईल." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हाताला सगळं आठवतं, सूनबाई. गाठ, दोर, चूल. आज तू बघितलंस. वाट आठवत नाही. आणि गंमत म्हणजे कधीकधी आठवते. सकाळी आलो की नाही बरोबर? एक्केचाळीस वर्षं मला दोनच दिशा लागल्या, वर आणि खाली. बाकीच्या वापरात नव्हत्या, म्हणून गंजल्या असतील."

विनोद केला की माणूस काय लपवतोय ते मला दवाखान्यातही कळतं.

"किल्लीचं चुकलं माझं," ते थोड्या वेळाने म्हणाले. "तो नियम खड्ड्यासाठी आहे. तिथे बाहेर दुसरी माणसं असतात, हाक मारली की येणारी. इथे तुला बाहेर ठेवलं आणि हातात काही ठेवलं नाही. हे मी बघायला हवं होतं." त्यांनी गाडीची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले, "काय लिहिणार आहेस?"

"एकटे जाऊ नये."

"ते बरोबरच आहे. लिही. पण कारण गुडघा लिही."

"काय?"

"डावा गुडघा. चढताना दुखतो म्हण. गुडघ्याचं कुणाला काही वाटत नाही. गुडघ्याला तेल आणतात, पट्टा आणतात. डोक्याचं कळलं, की उद्या घराची किल्ली काढून घेतील. परवा चूल. मग खालच्या दुकानात जायला कुणीतरी बरोबर. पोरं वाईट नाहीत माझी. घाबरतील, आणि घाबरून एकेक वस्तू माझ्या हातातून काढून घेतील. डोंगर गेला तर गेला, त्याचं मी काही म्हणत नाही. पण बाकीचं राहू दे अजून थोडे दिवस."

मला भयंकर राग आला. त्यांचा, माझा, सगळ्याचाच. "तुम्ही मला बाहेरची म्हणून इथे आणलंत," मी म्हटलं. "खरं लिहील म्हणून. आणि आता खोटं लिही म्हणताय? मग आणायचं होतं ताईला. तिने गुडघा लिहिला असता, वर रडलीही असती."

"खरं आहे," अप्पा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला वाईट वाटलं का तेव्हा? बाहेरची म्हटल्याचं?"

"हो. फार."

"मला वाटलंच होतं. तू सफरचंदाच्या फोडी अर्ध्याच खाल्ल्यास." त्यांनी कप खाली ठेवला. "इन्स्पेक्टर यायचा तेव्हा आम्ही त्याला घाबरायचो. पण तो सही करून गेला, की त्या लिफ्टमध्ये मी माझ्या पोरांना घेऊन बसायचो. मला तसं म्हणायचं होतं. शब्द चुकला."

त्या माणसाने एकोणीस वर्षांत माझ्याशी इतकी वाक्यं एका दमात बोलल्याचं मला आठवत नाही. आम्ही सूप गरम करून प्यायलो आणि लवकर आडवे झालो. मला वाटलं होतं डोळ्याला डोळा लागणार नाही, पण झोप लागली, तीही गाढ.

सकाळी आम्ही कातळावर गेलो. मी पुढे होते. रेंजच्या दोन काड्या दिसल्या आणि मी नवऱ्याचा नंबर काढला, पण बटण दाबण्याआधी थांबले. अप्पांना काय सांगायचं, एवढंच रात्री ठरवलं होतं मी.

"मी गुडघा म्हणणार नाही," मी म्हटलं. "मला येतच नाही ते, बोलताना पकडली जाईन. पण डोकंही म्हणणार नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगा. तुम्ही जे सांगाल ते मी शेजारी उभी राहून ऐकेन. गुडघा सांगितलात तर गुडघा. मी मध्ये बोलणार नाही."

अप्पांनी फोन हातात घेतला आणि बघत राहिले. त्यांनी गुडघा सांगितला असता तर मी खरंच गप्प बसले असते का, हे मला आजही ठाऊक नाही. मग त्यांनी बटण दाबलं आणि फोन कानापासून जरा दूर धरला, आवाज मोठा करून.

"झाली का तपासणी?" नवऱ्याने झोपाळू आवाजात विचारलं. मागून नणंदेचा आवाज आला, "अप्पा आहेत का? काय म्हणतायत?" ती रात्री आमच्याकडेच राहिली होती.

"दोघंही आहात ते बरं," अप्पा म्हणाले, आणि सरळ उभे राहिले. साहेबाला फोनवर बिघाड कळवताना ते असेच उभे राहायचे म्हणे. "ऐका. तंबू ठीक. हात ठीक. दिशा गेली. काल पाण्याला गेलो आणि शंभर पावलांवरून परत येता आलं नाही. हिने शोधून आणलं. गेल्या वेळीही बस चुकली नव्हती, मी हरवलो होतो, एक दिवस आणि एक रात्र. तेव्हा तुम्हाला खोटं सांगितलं. एकटं जाणं बंद. डॉक्टरला दाखवायला हवं, तेही मला कळतं. बाकी घरातलं काय काढून घ्यायचं आणि काय ठेवायचं, ते मला विचारून करा. एवढंच म्हणणं आहे."

मला वाटलं रेंज गेली. मी फोनकडे वाकून बघितलं, कॉलच्या सेकंदांचे आकडे चालू होते. वाऱ्याचा आवाज येत होता, आमच्याच कातळावरचा.

मग नवरा म्हणाला, "अप्पा." आणि पुन्हा थांबला. त्याचा असा आवाज मी सासूबाई गेल्या तेव्हा ऐकला होता, त्यानंतर नाही. नंतर एकदम घाईघाईने म्हणाला, "तंबू काढू नका. आम्ही येतोय. ताई आणि मी. तिच्या गाडीने, आत्ताच निघतो."

"कशाला?" अप्पा म्हणाले. "आम्ही दुपारी परत निघणारच आहोत."

"नका निघू. उद्या रजा टाकतो मी. आज राहू सगळे. राहता येतं ना तिथे चौघांना?"

"राहता येतं," अप्पा म्हणाले. "दोघं तंबूत, दोघं बाहेर. पाऊस नाही. पण कानाला फडकं बांध."

"बांधतो. आणि अप्पा, दोन तासांत गेटवर पोहोचू. तिथून तुमच्या जागेवर कसं यायचं?"

"सोपं आहे," अप्पा म्हणाले. "गेटमधून आत आलास, की..."

आणि ते थांबले. समोर झाडं होती, खाली वाट होती, तीस वर्षं त्यांच्या पायाखालची. त्यांनी एक हात थोडा उचलला, उजवीकडे नेला, मग डावीकडे. ओठ हलले. मी गप्प उभी होते, मध्ये बोलणार नाही असं सांगितलेलं होतं. नवराही पलीकडे वाट बघत होता, त्याने घाई केली नाही.

अप्पांनी हात खाली घेतला आणि फोन माझ्याकडे दिला.

"तू सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. गेटमधून आत आलं की पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ, मग वाट फुटते तिथे डावीकडे, मग चढ, मग हा कातळ, आणि कातळावरून खाली ओढ्याचा आवाज येतो त्या बाजूने उतरायचं. नवरा माझ्यामागून एकेक म्हणत होता, नणंद लिहून घेत होती. मी सावकाश सांगत होते, आणि अप्पा माझ्या शेजारी उभे राहून, मान खाली घालून, नीट लक्ष देऊन ऐकत होते.